द्राक्ष, कांदा आणि दूध : नाशिकच्या घरच्या शेतीची बदलती घडी

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि चांदवड या तालुक्यांत शेतीचा कारभार आजही प्रामुख्याने कुटुंबाच्या हाती आहे. जमीन घरची, निर्णय घरचे आणि कामाचा मोठा भागही घरच्याच माणसांचा. मजुरांच्या टोळ्या येतात, व्यापारी येतात, सल्लागार येतात. पण छाटणी कोणत्या तारखेला धरायची, साठवलेल्या कांद्याची चाळ कधी फोडायची, गाय ठेवायची की विकायची, हे घरातली माणसे आपसांत बोलून ठरवतात. बाजार बदलला तशी या पट्ट्यातल्या कुटुंबांनी पिके बदलली, वाण बदलले, विकण्याची रीत बदलली. हे बदल कसे घडतात, त्यांची किंमत कोण मोजतो आणि कोणते कुटुंब त्यातून तरून जाते, हे कळायला शेतातल्या कामाचा वर्षभराचा क्रम पाहावा लागतो.

या कुटुंबांपुढची पहिली अडचण जमिनीच्या आकाराची आहे. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ पर्यंत ती १.३४ हेक्टरवर आली. प्रत्येक वाटणीत बांध वाढले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या गेल्या आणि तेवढ्याच वावरातून एका घराऐवजी तीन घरांचा खर्च निघायला हवा, अशी वेळ आली. बाजरी, ज्वारी, गहू आणि हरभरा यांवर तीन एकरांत घर चालत नाही. एकरी उत्पन्न जास्त देणाऱ्या पिकांकडे वळणे ही या कुटुंबांची गरज होती. मात्र अशा पिकांचा खर्चही मोठा आणि जोखीमही मोठी असते. म्हणून नवे पीक घेताना दोन प्रश्न विचारले जातात. एक, त्यातून मिळणार किती? आणि दुसरा, हा निर्णय आपल्याला किती वर्षे बांधून ठेवणार? अनुभवी शेतकरी दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकेच वजन देतो. भाव पडले तर त्यातून मागे फिरता येईल की नाही, हे त्या उत्तरावर ठरते.

पाणी आणि पीक निवडीची मोकळीक

पीक बदलायचे तर आधी पाणी हाती हवे. कालव्याच्या पाण्याची जुनी व्यवस्था पीकवार मंजुरीवर चालत असे. कोणत्या पिकाला किती क्षेत्रासाठी पाणी मिळणार, हे वर ठरायचे आणि पाळी कधी येईल याची खात्री नसायची. ओझर परिसरात समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. वाघाड धरणावरील या संस्थांनी पुढे प्रकल्पस्तरावर एकत्र येऊन पाणी मोजून घेण्याची आणि आपसांत वाटण्याची पद्धत बसवली. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ साली आला, त्याआधीच इथल्या शेतकऱ्यांनी असा कारभार करून दाखवला होता.

मोजून मिळणाऱ्या पाण्याचा परिणाम पीक निवडीवर लगेच दिसला. कोट्यातले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे, त्यामुळे पाणी वाचवण्यात त्याचा स्वतःचा फायदा झाला. ठिबक आले, शेततळी आली, विहिरींचा आधार वाढला. बाग लावण्याइतका भरवसा ज्या शेतकऱ्याला पाण्याने दिला, तोच दीर्घ मुदतीच्या पिकात पैसे घालू शकला. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, ती कुटुंबे आजही हंगामी पिकांवर आणि जनावरांवर जास्त अवलंबून आहेत. दुष्काळी वर्षांत बागा वाचवण्यासाठी टँकरने पाणी घालावे लागले, तेव्हा पाण्याचा हा फरक किती महाग पडतो हे सर्वांनीच अनुभवले.

द्राक्ष : दहा-बारा वर्षांचा निर्णय

नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केली, असे मानले जाते. सुरुवातीच्या काळात भोकरीसारखे बियांचे वाण होते. पुढे अनाबेशाही आली आणि त्यानंतर थॉमसन सीडलेसने बाजार पालटला. थॉमसन आणि इतर वाणांच्या वेलींतून निवड करून सांगली, सोलापूरच्या बागायतदारांनी नवे वाण काढले. तास-ए-गणेश हा सांगली जिल्ह्यातला. सोनाका आणि शरद सीडलेस सोलापूरजवळच्या नान्नजचे, नानासाहेब काळे यांच्या बागेतले. वेगळी काडी, वेगळा घड किंवा लांबट मणी दिसला की ती काडी जपायची आणि पुढच्या वर्षी तिचे कलम करून पाहायचे, हे काम शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत, स्वतःच्या जोखमीवर केले. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाने ही माहिती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचवली.

बाग उभी करायला दोन वर्षे जातात. आधी डॉगरिजसारख्या खुंटाची लागवड, पावसाळ्याच्या शेवटी त्यावर कलम, हिवाळ्यानंतर रिकट, मग खोड आणि ओलांडे तयार करणे. त्यानंतरच्या ऑक्टोबरात पहिली फळछाटणी होते. दरम्यान लोखंडी अँगल, तारा, ठिबक आणि ट्रॅक्टरवर चालणारा ब्लोअर यांत मोठी रक्कम गुंतते. चांगली बाग दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ फळ देते. याचाच दुसरा अर्थ असा, की आज लावलेला वाण बाजाराला दहा वर्षांनीही रुचेल असे धरून कुटुंब पैसे घालते. एवढा मोठा अंदाज कोणत्याही हंगामी पिकात बांधावा लागत नाही.

वेलीला वर्षातून दोनदा छाटणी मिळते. एप्रिलमधली खरडछाटणी पुढच्या वर्षाच्या काडीसाठी. याच काळात डोळ्यांत घड तयार होतात, म्हणून मे-जूनमधले ऊन आणि कामातली शिस्त पुढच्या मार्चमधला माल ठरवते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर गोडीबहार छाटणी होते. त्यानंतर डोळ्यांना पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, शेंडा मारणे, घड जिब्रेलिक आम्लाच्या (जीए) द्रावणात बुडवणे म्हणजे डिपिंग, मणी विरळ करणे म्हणजे थिनिंग, अशी कामे एकापाठोपाठ येतात. प्रत्येक कामाला ठरावीक दिवस असतात. ते दिवस हुकले तर नंतर कितीही खर्च केला तरी मणी भरत नाही.

बदलाला जागा कुठे आहे, हे या क्रमातून दिसते. तीन एकर बाग असलेले कुटुंब सगळी बाग एकाच आठवड्यात छाटत नाही. एक तुकडा आधी, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा त्याहून उशिरा असे टप्पे पाडले जातात. फुलोऱ्यात पाऊस सापडला तर एकाच तुकड्याचे नुकसान होते, मजूर एकाच वेळी लागत नाहीत आणि काढणीही महिनाभर पसरते. बागलाण, देवळा, कळवण भागातल्या शेतकऱ्यांनी यापुढचे पाऊल टाकले. ते जुलै-ऑगस्टमध्येच छाटणी धरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, बाजारात द्राक्ष दुर्मीळ असताना, माल काढतात. भाव चांगला मिळतो. पण पूर्ण पावसाळा अंगावर घेऊन बाग सांभाळावी लागते, त्यामुळे औषधांचा खर्च आणि पीक जाण्याची भीती दोन्ही वाढतात. त्या भागात डाळिंबावर तेल्या रोग आल्यानंतर अनेकांनी हा मार्ग धरला. एक दीर्घ मुदतीचे पीक उपटून दुसरे लावताना मधली दोन वर्षे कशावर काढायची, हा प्रश्न त्यांना कांद्याने आणि मक्याने सोडवून दिला.

परदेशी बाजाराने शिकवलेली शिस्त

१९९० नंतर निर्यातीचा मार्ग मोठा झाला. रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवड योजनेने राज्यभर फळझाडांखालील क्षेत्र वाढवले आणि १९९१ साली स्थापन झालेल्या महाग्रेप्सने सहकारी द्राक्ष संस्थांचा माल युरोपात नेण्याचे काम हाती घेतले. दक्षिण गोलार्धातला माल ओसरत असताना आणि इजिप्तचा माल सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, भारतीय द्राक्षाला तिथे जागा मिळते. या अरुंद काळासाठी इथल्या कुटुंबांनी आपले वर्ष नव्याने आखले.

निर्यातीच्या बागेत माल कमी धरावा लागतो. वेलीवर घडांची संख्या मर्यादित ठेवायची, घडातले मणी मोकळे करायचे, मण्याची जाडी आणि रंग सांभाळायचा. जादा माल धरून वजन वाढवायची जुनी सवय इथे चालत नाही. त्याहून कठीण शिस्त औषधांची. कोणते औषध कधी मारले आणि काढणीआधी किती दिवस थांबले, याची नोंदवही ठेवायची. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी, प्रयोगशाळेत उर्वरित अंशांची तपासणी आणि २००६ साली केंद्राच्या अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाने सुरू केलेल्या ग्रेपनेट प्रणालीतून पेटीपासून बागेपर्यंतचा माग, ही सगळी साखळी उभी राहिली.

२०१० साली या साखळीतली उणीव उघडी पडली. वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात तपासणीत सापडले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. वेलीच्या वाढीवर ताबा ठेवायला ते रसायन बागायतदार वर्षानुवर्षे वापरत होते, आणि तोवर ते नियमित तपासणीच्या यादीत नव्हते. नुकसान निर्यातदारांपासून बागेपर्यंत सर्वांनी सोसले. त्यानंतर तपासणीची यादी वाढली आणि घराघरांत औषधाच्या बाटलीवरचे लेबल वाचण्याची सवय रुजली. अनेक घरांत नोंदवहीचे काम शिकलेल्या मुलाकडे, सुनेकडे किंवा मुलीकडे गेले. त्यामुळे बागेच्या निर्णयांत घरातल्या तरुणांचा शब्द वाढला. परदेशी ग्राहकाच्या एका अटीने घरातल्या कारभाराची वाटणी बदलते, हे इथे सहज दिसते.

समुद्रापलीकडच्या घडामोडीही बांधापर्यंत पोहोचतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली वाहतूक धोक्याची झाल्याने जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. नाशवंत फळाचा प्रवास लांबला, भाडे वाढले. २०२० च्या मार्चमध्ये ऐन काढणीत टाळेबंदी लागली तेव्हा मजूर, गाड्या आणि बाजार एकाच वेळी थांबले. ज्यांना शक्य झाले त्यांनी द्राक्षाचा बेदाणा केला. पण बेदाण्याला साखर जास्त उतरावी लागते, माल वेलीवर अधिक दिवस ठेवावा लागतो आणि सुकवण्याची सोय लागते. निर्यातीसाठी वाढवलेला घड ऐनवेळी बेदाण्याकडे वळवला तर नुकसान कमी होते, टळत नाही. डिपिंग-थिनिंगचा खर्च डिसेंबरातच झालेला असतो.

वाईनच्या द्राक्षाचा अनुभवही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाला चालना देणारे धोरण आणले. नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी करारावर वाईनचे वाण लावले. २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, खरेदी थंडावली आणि अनेकांना बागा काढून टाकाव्या लागल्या. वाईनचे द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. त्याला एकच खरेदीदार, म्हणून करार मोडला की शेतकऱ्याच्या हाती पर्याय उरत नाही. जे पीक दोन-तीन बाजारांत विकता येते त्यात दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी, हा धडा या भागाने त्या वर्षांत पक्का केला. ज्या शेतकऱ्यांचे करार टिकले आणि वायनरी नीट चालल्या, त्यांना मात्र कमी फवारणीचे आणि ठरलेल्या भावाचे पीक मिळाले.

आता नवा प्रश्न वाणांच्या मालकीचा आहे. युरोपातील सुपरमार्केट रंगीत आणि नव्या चवीची द्राक्षे मागतात. असे अनेक वाण परदेशी पैदासकारांच्या हक्कांत आहेत. ते लावायचे तर करार, स्वामित्वशुल्क आणि ठरावीक विक्रीमार्ग स्वीकारावा लागतो. शेजाऱ्याच्या बागेतून काडी आणून कलम करण्याची शंभर वर्षांची रीत इथे थांबते. पावसाला अधिक टिकणारा आणि कमी मजुरीत येणारा वाण मिळाला तर छोट्या कुटुंबाचा फायदा मोठा आहे. वाण कोणाचा आणि माल कोणाकडे विकायचा, हे आधीच ठरलेले असले तर सौदा करण्याची ताकद घटते. पुण्याजवळ मांजरी येथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या सार्वजनिक संस्थांनी शेतकऱ्यांना मोकळेपणाने वापरता येतील असे वाण देणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

कांदा : चार महिन्यांचे पीक, दिल्लीचे दर

द्राक्षाच्या शेजारच्या तुकड्यात कांदा असतो. खरिपाचा कांदा ऑक्टोबरपासून, रांगडा जानेवारीच्या आसपास आणि उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. उन्हाळ कांदा टिकतो, म्हणून तो चाळीत भरून दिवाळीच्या आसपासपर्यंत ठेवता येतो. पुष्कळ कुटुंबे उत्तम कांदे निवडून डोंगळे लावतात आणि घरचे उळे, म्हणजे कांद्याचे बी, तयार करतात. बियाण्याचा खर्च वाचतो आणि टिकाऊ कांद्याची निवडही घरात राहते.

कांद्यातली लवचिकता विक्रीच्या वेळेत आहे. लागवड चुकली तरी कुटुंब चार-पाच महिनेच अडकते. चाळ असेल तर भाव पाहून टप्प्याटप्प्याने माल काढता येतो. थोडा माल काढणीलाच विकून मजुरी आणि खतांची उधारी भागवायची, उरलेला चाळीत टाकायचा, आणि प्रत्येक वेळी चाळ फोडताना सडका माल, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि मोठा कांदा वेगळा करायचा. हवा खेळती राहिली नाही तर चाळीतच पैसे कुजतात. वजनघट तर चांगल्या चाळीतही होते. म्हणून थांबण्याचाही हिशेब असतो: भाव वाढण्याची आशा आणि रोज घटणारे वजन यांची तुलना करून दिवस ठरवावा लागतो.

हा हिशेब सरकारी धोरण एका दिवसात उलटवते. कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये, पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते. डिसेंबर २०२३ ची बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण शुल्क राहिले. ते पूर्णपणे एप्रिल २०२५ मध्ये हटले. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या लिलावात अशा प्रत्येक घोषणेचा परिणाम लगेच दिसतो. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी चाकणला कांद्याच्या भावाच्या प्रश्नावर लढा सुरू केला आणि १९८० साली ऊस-कांद्याचे आंदोलन नाशिक जिल्ह्यात पेटले, त्यामागेही हीच तक्रार होती: उत्पादन वाढवण्याची जबाबदारी शेतकऱ्याची आणि भाव पाडण्याचा अधिकार दुसऱ्याचा.

पाऊस, रोग किंवा मागणीतली घट यांचा काही ना काही अंदाज बांधता येतो. अधिसूचनेचा बांधता येत नाही. त्यामुळे या भागातले विचारी कुटुंब सगळी जमीन कांद्याखाली टाकत नाही, आणि कांद्याचा भाव चढला म्हणून पुढच्या हंगामात क्षेत्र दुप्पटही करत नाही. चढ्या भावाच्या वर्षानंतर सगळ्यांनीच कांदा लावला की पुढचा हंगाम पडतो, हे अनेक पिढ्यांनी पाहिले आहे. तरीही दर वेळी बरेच जण त्याच वाटेने जातात, कारण आधीच्या वर्षाचे कर्ज फेडायला लवकर येणारे दुसरे पीक हाताशी नसते. ज्याच्यावर देणे जास्त, त्याला थांबण्याची मुभा कमी.

रोजच्या पैशाची शेती

द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि कांद्याचे दोन-तीनदा. घरखर्च रोज असतो. ती दरी दूध भरून काढते. दूध संकलन केंद्राचा हिशेब साधारण दहा दिवसांनी होतो, म्हणून गावात त्याला दुधाचा पगारच म्हणतात. दोन-चार संकरित गाई असलेल्या घरात किराणा, शाळेचा खर्च आणि डिझेल या पगारातून निघते. त्यामुळे कांदा घाईने विकावा लागत नाही, आणि द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी भाव ठरवताना दोन दिवस थांबता येते. दुधाचा नफा कमी दिसला तरी इतर पिकांच्या विक्रीला तो जो अवधी मिळवून देतो, त्याची किंमत मोठी आहे.

दुधाचेही दर पडतात. २०२३-२४ मध्ये गाईच्या दुधाचे खरेदीदर इतके घसरले की राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. अशा वेळी कुटुंब गाई विकत नाही, खुराक बाहेरून आणणे कमी करते आणि घरचा मुरघास वाढवते. इथे मक्याचा उपयोग होतो. मका दाण्यासाठी ठेवायचा की हिरवा कापून मुरघास करायचा, हे कणीस चिकात येईपर्यंत ठरवता येते. पाऊस ओढला किंवा दाण्याचा भाव पडला तर मुरघास. पोल्ट्री आणि इथेनॉलची मागणी असेल तर दाणा. पेरणीनंतरही निर्णय मोकळा ठेवणारी अशी पिके थोडी असतात, आणि छोट्या शेतीत त्यांचे मोल फार आहे.

टोमॅटो, भाजीपाला आणि दिंडोरीतील मोहाडी-जानोरी भागातली गुलाबाची पॉलिहाऊस या सगळ्यांची जागाही याच मोजणीत ठरते. टोमॅटो काही आठवड्यांत भरघोस पैसे देतो आणि एखाद्या हंगामात तोडणीची मजुरीही फिटू देत नाही. पॉलिहाऊसला बागेसारखीच मोठी गुंतवणूक लागते, पण फुले वर्षभर आणि सणवार, लग्नसराई पाहून विकता येतात. एकाच घरात दीर्घ मुदतीचे एक पीक, हंगामी एक-दोन आणि रोजचे काहीतरी, अशी घडी हळूहळू बसत गेली. प्रत्येक कुटुंब आपले पाणी, माणसे आणि कर्ज पाहून त्यांचे प्रमाण ठरवते.

श्रमांचा न मांडलेला हिशेब

या बदलांचा भार अखेर हातांवर येतो. थिनिंग, डिपिंग आणि कांदा लागवड ही कामे मजुरांच्या टोळ्यांशिवाय पार पडत नाहीत. पेठ, सुरगाणा आणि गुजरातच्या सीमेवरील गावांतून आदिवासी मजूर हंगामात येतात. मुकादमामार्फत आधी उचल दिली जाते, काम एकरी उक्ते ठरते. पावसाने छाटण्या लांबल्या की सगळ्या बागांची कामे एकत्र येतात आणि मजुरीचे दर चढतात. शेतकरी ज्याला खर्चातली वाढ म्हणतो, ती त्या मजूर कुटुंबाची वर्षाची कमाई असते. शेतीतल्या बदलाचा विचार करताना बागेत राहायला येणाऱ्या या माणसांच्या निवाऱ्याचा, पिण्याच्या पाण्याचा आणि मुलांच्या शाळेचा विचार त्यात असलाच पाहिजे.

मजूर परवडले नाहीत की घरची माणसे ते काम अंगावर घेतात. पूर्वीची सावड, म्हणजे आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या, अशी श्रमांची अदलाबदल काही गावांत अजून टिकून आहे. घरच्या श्रमांची मजुरी वहीत लिहिली जात नाही, म्हणून तोट्याचे पीकही काही काळ फायद्याचे दिसते. भाव पडला तरी घरची शेती मोठ्या कंपनीच्या शेतीपेक्षा जास्त दिवस तग धरते, याचे मोठे कारण हेच. पण या तग धरण्याचा भार बाईवर सर्वांत जास्त पडतो. पहाटेचे दूध, दिवसा थिनिंग, संध्याकाळी पुन्हा गोठा, शिवाय घर. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले आणि पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून जमीन पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. काही घरांनी ते मनावर घेतले. तरी आजही कितीतरी उताऱ्यांवर काम करणाऱ्या बाईचे नाव नाही. नाव नसल्याने कर्ज, विमा आणि अनुदान यांत तिला थेट वाटा मिळत नाही. घरातली जी व्यक्ती सर्वाधिक काम करते तिचा हिशेब वेगळा मांडला, तर कोणते पीक खरोखर परवडते याचे उत्तर बदलू शकते.

देणे, उधारी आणि एकत्र येण्याची ताकद

बदलायला पैसे लागतात आणि पैसे कुठून येतात यावर बदलाची दिशा ठरते. सोसायटीचे पीककर्ज स्वस्त असते, पण बागेच्या खर्चाला अपुरे पडते. उरलेली रक्कम कृषी सेवा केंद्राच्या उधारीतून, सोनेतारणातून किंवा नातेवाइकांकडून उभी होते. उधारीवर औषध घेणाऱ्याला भावही जास्त पडतो आणि दुकानदाराच्या सल्ल्याला नाही म्हणणेही अवघड जाते. विक्रीतही तसेच. बागेवर सौदा करून काही रक्कम रोख आणि उरलेली धनादेशाने देण्याची रीत आहे. परगावचा व्यापारी पैसे बुडवून गेल्याच्या घटना द्राक्षपट्ट्यात वारंवार घडल्या आहेत. वर्षभराचे श्रम एका न वटलेल्या धनादेशावर अडकले की पुढची छाटणी कर्जावर होते आणि निवडीची मोकळीक आणखी आटते.

या एकटेपणावर उपाय म्हणून शेतकऱ्यांच्या कंपन्या पुढे आल्या. २००२ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीला कायदेशीर रूप मिळाले. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कंपनी त्यातले ठळक उदाहरण. द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात करून तिने टोमॅटोसह अनेक फळभाज्यांवर प्रक्रिया सुरू केली, आणि परदेशी पैदासकाराशी करार करून 'आरा' मालिकेतले द्राक्षवाणही आणले. पॅकहाऊस, शीतगृह, तपासणी आणि परदेशी ग्राहकाशी बोलणी या गोष्टी तीन एकरांच्या कुटुंबाला एकट्याने करता येत नाहीत. त्या एकत्रितपणे केल्या तर शेतीचा निर्णय घरातच राहतो आणि विक्रीची ताकद मात्र मोठ्यांच्या बरोबरीची होते. पाणी वापर संस्थांनी जे पाण्यात केले, तेच या कंपन्या बाजारात करू पाहतात. सर्वच कंपन्यांना ते जमलेले नाही. जिथे हिशेब उघडे आहेत, मालाची प्रतवारी नियमाने होते आणि पैसे वेळेवर मिळतात, तिथे सभासद टिकतात.

बदलाच्या मर्यादा

घरची शेती लवचिक असली तरी तिची क्षमता अमर्याद नाही. अवकाळी पाऊस आणि गारपीट आता कोणत्याही महिन्यात येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा लांबलेला पाऊस, जसा २०१९ साली झाला, पोंग्यातली आणि फुलोऱ्यातली बाग घेऊन जातो. खरडछाटणीनंतर मे महिन्यात ढगाळ हवा राहिली तर काडीत घडच कमी तयार होतात. प्लास्टिक आच्छादनाने बाग वाचते, पण त्याचा खर्च मोठा आहे आणि तो ज्यांना परवडतो त्यांच्याकडे आधीच भांडवल असते. मदत मिळाली नाही तर हवामानाशी जुळवून घेण्याची ताकदच मोठ्या आणि छोट्या शेतकऱ्यांमधली दरी वाढवते.

दुसरी मर्यादा पिढीची. बाग लावणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांसाठी घरात कोणीतरी शेती करणार आहे असे गृहीत धरणे. मुले पुण्या-नाशिकला नोकरीला गेली की कुटुंब दीर्घ मुदतीची पिके टाळते, जमीन वाट्याने किंवा खंडाने देते. काही घरांत उलट घडते: एक भाऊ नोकरी करतो, त्याच्या पगारातून दुसऱ्याची बाग उभी राहते, आणि वाईट वर्षी घर त्या पगारावर निघते. शेतीबाहेरचे हे उत्पन्नही आता पीकनियोजनाचाच भाग झाले आहे.

निफाड-दिंडोरीच्या अनुभवातून घरच्या शेतीला तगवणाऱ्या गोष्टी स्पष्ट होतात. हाती भरवशाचे पाणी असावे, विक्रीसाठी एकाहून अधिक बाजार असावेत, मागे फिरता येईल अशी पिके दीर्घ मुदतीच्या पिकाच्या जोडीला असावीत, रोख पैसा थोडा का होईना नियमित यावा आणि घरच्या श्रमांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला जावा. यातल्या काही गोष्टी कुटुंब स्वतः करू शकते. निर्यातधोरणातला स्थिरपणा, वेळेवर मिळणारे पुरेसे कर्ज, मोकळे वाण आणि बुडवलेल्या पैशांची वसुली या गोष्टी त्याच्या हातात नाहीत. त्या सरकारने आणि सार्वजनिक संस्थांनी पुरवायच्या आहेत. शेतकरी कुटुंबांनी बदलण्याची तयारी शंभर वर्षे दाखवली आहे. त्या तयारीला निश्चितपणाची जोड मिळाली तर तीन एकरांवरही घर सन्मानाने चालू शकते.